गेरूच्या खडूनं काढलेली गर्दी

शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. ग्रेड परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर ही दरवर्षीची काळजी. आठवडी बाजार, एस.टी. स्टँड, गणपतीची मिरवणूक असा विषय आला की मुलं पुढची दोन-तीन माणसं नीट काढत आणि मागे नुसती गोल गोल डोकी मांडत सुटत. मी फळ्यावर काढून दाखवायचे, "माणूस माणसाआड लपव, मागचा लहान काढ." सांगत होते ते चूक नव्हतं. पण गर्दी कागदावर नेमकी कशी उभी राहते, हे माझं मलाच धड उमगलेलं नव्हतं. ते उमगलं निवृत्तीनंतर, एका फ्रेंच चित्राची नक्कल करताना. चार महिने त्यात गेले. त्यातलं जे हाताला कळलं ते लिहून ठेवते आहे.

चित्र शार्ल-जोझेफ नात्वार या चित्रकाराचं, १७४६ सालचं. पॅरिसच्या राजेशाही कला अकादमीतला चित्रकलेचा वर्ग त्यात आहे. मध्ये उंचवट्यावर दोन उघडे पुरुष मॉडेल म्हणून उभे, त्यांच्याभोवती अर्धगोलात दाटीवाटीनं बसलेले विद्यार्थी, भिंतींवर चित्रांची दाटी, खोलीत फार्नीज हर्क्युलिस या पिळदार वीराच्या प्राचीन पुतळ्यासारख्या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती. डाव्या अंगाला पुढे, लाल झगा घातलेला नात्वार स्वतः बसला आहे आणि एका विद्यार्थ्याचं काम तपासतो आहे. जगातल्या कुठल्याही चित्रकला शिक्षकाला हे चित्र आपलं वाटेल. मला तर ते पुस्तकात पाहिल्यापासून आपलं वाटत होतं.

मूळ कागद लंडनला कोर्टोल्ड गॅलरीत आहे. सर रॉबर्ट विट यांच्या संग्रहातून तो १९५२ मध्ये तिथे आला. सुनेच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने लंडनला होते. मुलगा म्हणाला, "आई, ही चित्रं भिंतीवर नसतात, पण आधी वेळ घेतली तर काढून दाखवतात." कागदावरची कामं उजेडानं खराब होतात म्हणून ती एरवी पेटीत, अंधारात ठेवलेली असतात. मी मुलाकडून पत्र लिहवून घेतलं. कुठल्या विद्यापीठातली नाही, निवृत्त शाळाशिक्षिका आहे, अमुक चित्र पाहायचं आहे, एवढंच. काही दिवसांनी तारीख कळली.

गॅलरी ज्या सॉमरसेट हाउसमध्ये आहे, त्याच इमारतीत १७८० पासून पन्नासेक वर्षं इंग्रजांची रॉयल अकादमी होती. चित्रकलेच्या एका शाळेचं चित्र पाहायला मी दुसऱ्या एका जुन्या शाळेच्या जिन्यानं चालले आहे, असं त्या दिवशी सारखं मनात येत होतं.

आत जाताना पिशवी बाहेर ठेवायची, पेन ठेवून द्यायचं, कागदावर टिपणं घ्यायची ती फक्त पेन्सिलनं. हात धुऊन कोरडे करायला सांगितलं. हातमोजे असतील असं मला वाटलं होतं, पण तिथल्या बाई म्हणाल्या की मोज्यांमुळे बोटांना कागदाचा अंदाज येत नाही, स्वच्छ हात बरे. मग त्यांनी पेटी उघडली, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला कागद दोन्ही हातांनी उचलला आणि तिरप्या पाटावर टेकवून ठेवला. मला एक भिंग दिलं आणि त्या आपल्या जागी जाऊन बसल्या.

पहिली पाच-सात मिनिटं मी नुसती बघत बसले. पुस्तकात पानभर पाहिलेलं चित्र प्रत्यक्षात केवढं असेल याचा आपल्याला अंदाज नसतो. हा कागद उंचीला जेमतेम दीड फूट आणि रुंदीला फुटाहून थोडा जास्त. आमच्या शाळेतल्या पाव इंपिरियल कागदापेक्षा थोडा मोठा, बस. एवढ्यात ती सगळी खोली, ती सगळी माणसं.

भिंगातून पाहायला लागल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे कागदाची वीण. तेव्हाचा हातकागद तारांच्या जाळीवर गाळलेला असे, त्या तारांच्या बारीक समांतर रेघा कागदात उमटलेल्या असतात. रंगाचा हात जिथे पातळ आहे तिथे त्या दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे खडू. हे चित्र वरवर पाहिलं तर शाईचं आणि जलरंगाचं वाटतं, पण त्याच्या तळाशी काळा खडू आहे. शाईच्या रेघेशेजारून तो कुठे कुठे डोकावतो. शाईची रेघ एकसंध, ठाम असते. खडूची रेघ कागदाच्या उंचवट्यांवर चढते आणि खळग्यांवरून उडी मारून जाते, त्यामुळे भिंगाखाली ती दाणेदार दिसते. इथे कोण बसणार, खोलीची उंची किती, बाकं कशी वळणार, हे सगळं त्या दाणेदार रेघेनं आधी ठरवलेलं होतं. मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं, "आधी खडू. माणसं नंतर." या चार शब्दांचा अर्थ मात्र घरी आल्यावर, दोन कागद वाया घालवल्यावर कळला.

साताऱ्याला परत आल्यावर मी ठरवलं की नक्कल पूर्ण खडूतच करायची. नात्वारच्या काळातले फ्रेंच चित्रकार तीन खडूंवर जगत असत. काळा, तांबडा आणि पांढरा. काळा खडू म्हणजे कोळशाचा अंश असलेला मऊ दगड, पांढरा म्हणजे खडूचाच मऊ दगड, आणि तांबडा म्हणजे लोहाचा अंश असलेली माती. खाणीतून निघालेल्या ढेकळाच्या करवतीनं कांड्या पाडत आणि पितळी नळीच्या चिमट्यात धरून त्यानं काढत. हल्ली दुकानात मिळतो तो तयार दाबलेला खडू नंतरचा. इंग्लंडशी युद्ध चालू असताना ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते या माणसानं १७९५ मध्ये ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजून पेन्सिल केली. काँतेच्या कांड्या आपण आजही त्याच्याच नावानं मागतो. काळी कांडी मी लंडनहून आणली होती. तांबडी आणली नाही, कारण तांबडा खडू म्हणजे काय हे वाचलं तेव्हाच मला हसू फुटलं होतं. तो आपला गेरूच की. तुळशी वृंदावन रंगवायचा, रांगोळीखाली सारवायचा तो.

पूजेच्या दुकानातून पाव किलो गेरू आणला. खलात घोटला, मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ केला. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, त्या पाण्यात गेरू कणकेसारखा मळला आणि काचेवर तळव्यानं वळून करंगळीएवढ्या कांड्या केल्या. पहिला घाणा वाया गेला. डिंक जास्त झाला होता. वाळल्यावर कांड्या दगडासारख्या झाल्या, कागदावर ओढलं की रेघ उमटण्याऐवजी ओरखडा उठायचा आणि कांडीचं टोक काचेसारखं चकाकायचं. दुसऱ्या खेपेला भीतीनं डिंक इतका कमी घातला की कांडी बोटांतच भुगा होऊन पडली. तिसऱ्या वेळी भिजवलेल्या डिंकाचं पाणी आणखी तिप्पट पाण्यात सारखं केलं, गोळा मळून ओल्या फडक्यात तासभर ठेवला आणि मग वळला. सावलीत चार दिवस वाळवलं. उन्हात ठेवलं तर तडे जातात, तेही एका कांडीवर करून पाहिलं. ज्या कुणाला करायचं असेल त्यानं एवढं लक्षात ठेवावं की गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा आणि वळताना हाताला चिकटता कामा नये.

त्या कांडीनं पहिली रेघ ओढली तो क्षण मी विसरणार नाही. तांबडा खडू अंगच्या रंगाचा असतो. हलका हात ठेवला की गालाची लाली, जोर दिला की कानामागची सावली. उघड्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या त्या वर्गानं हा खडू का धरला असेल, ते सांगायला पुस्तक लागलं नाही.

त्याचा एक मोठा दोष मात्र आहे. तो खोडता येत नाही. रबर लावलं की गेरू कागदात आणखी मुरतो आणि तांबूस डाग कायमचा राहतो. जुने लोक खोडायला पावाचा मऊ गर वापरत. लादी पावाच्या आतला गर घेऊन, गोळी करून मी नुसती टिपत गेले, घासलं नाही. त्यानं हलकी रेघ उचलली जाते, जोर दिलेली नाही. पाव ताजा हवा आणि त्याला लोण्याचा स्पर्शही झालेला नको. तुपट डागावर खडू धरतच नाही.

आता नक्कल.

पहिल्या कागदावर मी डावीकडून सुरुवात केली. नात्वार आधी, मग त्याच्या शेजारचा मुलगा, मग त्याच्या पलीकडचा. एकेक माणूस पुरा करत उजवीकडे आणि मागे सरकत गेले. जीव ओतून काढत होते. आठ दिवसांनी मागच्या बाकांपर्यंत पोचले तेव्हा जागाच उरली नव्हती. मागची मुलं पुढच्यांएवढीच मोठी झाली होती, आणि मॉडेल उभे राहायचे त्या उंचवट्यासाठी दोन बोटं कागद शिल्लक होता. मी जन्मभर मुलांना जे करू नका म्हणाले तेच मी केलं होतं. प्रत्येक माणूस चांगला होता, पण गर्दी झाली नव्हती. लोक एकाच कागदावर होते, एका खोलीत नव्हते.

दुसऱ्या कागदावर उलटं केलं. आधी सगळ्यांची डोकी हलक्या रेघेनं मांडून घेतली. तीही फसली, आणि का फसली ते समजायला आणखी आठवडा गेला. मी डोकी मांडली होती, बूड मांडलं नव्हतं. बसलेला माणूस डोक्यावरून ठरत नाही, तो कुठे टेकला आहे त्यावरून ठरतो. पंगतीत पानं मांडली की माणसं आपोआप जागेवर बसतात. इथे मी पानं न मांडताच माणसं बसवत होते.

मग लंडनची वही काढली. "आधी खडू. माणसं नंतर." तिसऱ्या कागदावर तीन दिवस मी एकही माणूस काढला नाही. काळ्या खडूनं फक्त खोली काढली. भिंतींची उंची, उंचवटा, आणि मुख्य म्हणजे त्या अर्धगोल बाकांच्या कडा. वस्तुचित्राच्या तासाला मी तांब्याचं तोंड शिकवायचे. वरून पाहिलं तर गोल, डोळ्याच्या पातळीला आणलं तर रेघ, आणि मधल्या उंचीला लंबगोल. बाकांचा अर्धगोल म्हणजे तांब्याचं अर्धं तोंडच. जवळची कड जास्त वळते, लांबची कड सपाट होत जाते. एकदा हे लंबगोल बरोबर बसले, की कुठल्या मुलाचं बूड कुठे टेकणार, गुडघा किती वर येणार, मांडीवरची पाटी कोणत्या तिरक्यात दिसणार हे सगळं त्या कडाच सांगतात. चौथ्या दिवशी मी माणसं भरायला घेतली आणि ती भरभर येऊ लागली. मागच्या रांगेत तर डोकं, खांदा आणि पाटीची एक तिरपी रेघ एवढंच पुरलं. डोळा बाकीचा माणूस स्वतः पुरा करतो, कारण त्याला बसायला जागा मिळालेली असते.

आणखी एक. दोन माणसांच्या मधली जी काळोखी फट असते ना, तिला स्वतःचा आकार असतो. त्या फटी मी आधी काळ्या खडूनं भरल्या आणि माणसं तांबड्यानं नंतर, तेव्हा दाटी खरी वाटायला लागली. उलटं केलं की माणसं कातरून चिकटवल्यासारखी दिसतात.

बाकं भरत असताना या खोलीचे नियम मनात घोळत असायचे. अकादमीची स्थापना १६४८ ची. तिच्या वर्गात जिवंत माणूस समोर बसवून काढायला मिळणं ही शेवटची पायरी होती. मुलगा आधी दुसऱ्यांची रेखाटनं उतरवायचा, मग प्लास्टरचे पुतळे, आणि मगच या बाकावर यायचा. ही उतरंड मुंबईला १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे आपल्याकडेही आली. आमचे सर जे. जे. चे होते. ग्रीक पुतळ्याचं प्लास्टरचं मुंडकं समोर ठेवून महिनोन् महिने काढायचं, हे त्यांच्याच तोंडून आम्ही ऐकलं आणि केलंही. नात्वारच्या खोलीतला तो हर्क्युलिस काढताना मला त्यांच्या वर्गातल्या कपाटावरची धूळ आठवत होती.

आणि जिवंत बाई या खोलीत एकही नाही. मॉडेल पुरुष, शिकणारे पुरुष, शिकवणारे पुरुष. तिसऱ्या कागदावर शेवटची रांग भरेपर्यंत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं. त्या वर्गात बायकांना बसूच देत नसत. अकादमीनं काही स्त्रियांना सदस्य करून घेतलं खरं, पण १७७० मध्ये त्यांची संख्या ४ वर बांधून टाकली. १७८३ मध्ये एलिझाबेथ व्हिजे-लब्रँ आणि आदेलाईद लाबिय-गियार या दोघींना एकाच दिवशी घेतलं आणि चारही जागा भरल्या. सदस्य झाल्या तरी या बाकावर त्यांना जागा नव्हती. आणि उघड्या शरीराचा अभ्यास नाही म्हणजे पुराणकथांची, इतिहासाची मोठी चित्रं काढायची वाट जवळजवळ बंद. मग उरतात व्यक्तिचित्रं आणि फुलं-फळं. दोघींनी व्यक्तिचित्रणात नाव काढलं ते आपल्या जोरावर, या खोलीच्या मदतीनं नव्हे. मी पदविकेला होते तेव्हा आम्हा मुलींनाही शिपाईमामांचं डोकं आणि नेसलेल्या साडीच्या चुण्या, एवढ्यावरच थांबवलं होतं. म्हणून खांदे आणि पाठी काढताना आजही माझा हात अडतो. नक्कलेतले ते दोन मॉडेल माझ्याकडून सगळ्यांत कच्चे झाले आहेत, ते त्यामुळे.

ज्यांना पॅरिसला येणं शक्य नव्हतं त्यांच्यापर्यंतही खडूची रेघ पोचवायची सोय त्या काळात निघाली. १७५० च्या दशकात झाँ-शार्ल फ्राँस्वा यानं तांब्याच्या पत्र्यावर दातेरी चाकं आणि ठिपके पाडणारी हत्यारं फिरवून खडूच्या दाणेदार रेघेसारखा छाप काढून दाखवला. पुढे जिल दमार्तो यानं बूशे या चित्रकाराची रेखाटनं तांबड्या शाईत अशी छापली, की लांबून खडूच वाटावा. गावोगावची मुलं ते छाप समोर ठेवून हात बसवत. ज्या शाळेत पुतळा नाही, मॉडेल नाही, तिथे शिकवलेल्या मला या माणसांबद्दल फार माया वाटते.

नक्कलेत सगळ्यात शेवटी मी नात्वारकडे आले. पहिल्या कागदावर त्याच्यापासून सुरुवात केली होती, तिसऱ्यावर त्याला मुद्दाम राखून ठेवला. सगळी खोली त्या दोन उघड्या माणसांभोवती गुंफलेली असताना हा एकटा समोरच्या कागदात बुडालेला आहे. त्याचा झगा सोपा होता, गेरू जोर देऊन भरला. हात अवघड होता. विद्यार्थ्याच्या कामापाशी आलेला शिक्षकाचा हात कागदावर टेकायचा की अधांतरी ठेवायचा, हे मी वर्षानुवर्षं रोज ठरवत आले आहे. मुलाच्या चित्रावर मी कधी रेघ ओढली नाही. समासात, कोपऱ्यात लहानसं काढून दाखवायचे. कागद त्याचा असतो.

तो हात मी चार वेळा काढला. तीन वेळा पावाच्या गरानं टिपून उचलला, चौथ्या वेळी कागद लव धरायला लागला होता, म्हणजे आता आणखी टिपलं असतं तर तिथे खडू धरलाच नसता. गेरूची कांडी तोवर नखाएवढी उरली होती आणि ती चिमटीत धरवत नव्हती. मी ती तर्जनीच्या टोकानं दाबून धरली आणि बोट सरकवलं. हात कागदाच्या थोडा वर राहिला. शेजारच्या पोरीनं, आठवीतली आहे, ग्रेडला बसते आहे, नक्कल बघितल्यावर हर्क्युलिस सोडून तिथेच बोट ठेवलं आणि विचारलं, "काकू, हे सर त्याला काय सांगतायत?"

मी तिला एक कागद दिला, काळी कांडी दिली आणि म्हटलं, आधी बाकं काढ.